पायाखालचा जिल्हा

अम्मान (जॉर्डन),
१२ नोव्हेंबर १९८५

ती. अक्का,

तुझ्या बसवंतचा शरणु शरणार्थी.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, एवढ्या लांब जाऊन वेगळं काय करतोस, फरशाच घालतोस ना? हो, फरशाच घालतो. एका हॉटेलचे मजलेच्या मजले. उदगीरला अप्पांच्या हाताखाली जे शिकलो तेच इथं चाललंय, फक्त इथला मुकादम इंग्रजीत ओरडतो. पण गेल्या शुक्रवारी मी अशी एक फरशी पाहिली की शनिवारी थापी हातात धरायची लाज वाटली.

इथून जवळच मादाबा म्हणून गाव आहे. चुना आणायला आमची गाडी तिकडे जाते, मी बरोबर गेलो. गाव आपल्या निलंग्याकडच्या माळावर असावं तसं, उघडंबोडकं, वाऱ्याचं. गाडीचा ड्रायव्हर रशीदभाई हैदराबादचा, त्याला अरबी येतं. तो म्हणाला, "चर्च में जमीन पे नक्शा है, देख के आओ." मला वाटलं, असेल काहीतरी.

दाराशी मी सवयीनं चपला काढल्या. आतला राखणदार अबू ईसा, पिकलेला म्हातारा, माझ्या अनवाणी पायांकडे बघून हसला. इथे लोक बुटासकट आत जातात. त्यानं जमिनीवरचा गालिचा गुंडाळला. खाली धुळकट, मळकट खडे. माझं तोंड उतरलेलं त्याला दिसलं असणार. तो कोपऱ्यात गेला, डबाभर पाणी घेऊन आला आणि सरळ जमिनीवर ओतलं.

अक्का, पिण्याजोगं पाणी भुईवर ओततात हे बघून माझा जीव कळवळला. आपण कुठले ते अशा वेळी बरोबर कळतं! पण पाणी पसरत गेलं तसतसे खडे जागे झाले. तांबडे, निळे, हिरवे, पिवळे. आधी समुद्र दिसला, मग त्याला मिळणारी नदी, मग डोंगर, खजुराची झाडं, तट बांधलेलं एक मोठं शहर आणि त्याच्या मधोमध खांबांचा रस्ता. चौदाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हरभऱ्याएवढ्या खड्यांनी अख्खा मुलूख भुईवर मांडून ठेवलाय, गावोगावच्या नावांसकट. समुद्रात दोन नावा आहेत. त्यांतल्या माणसांचे खडे कुणीतरी कधीकाळी मुद्दाम काढून टाकलेत, पण नावा तशाच चालल्यात.

नदीत मासे आहेत. त्यांतला एक समुद्राच्या तोंडाशी जाऊन पाठ फिरवून वर निघालाय. रशीदभाईनं मला उलगडून सांगितलं की तो समुद्र इतका खारा आहे की त्यात मासा जगत नाही, आणि हे त्या माशाला कळलंय. मी तिथेच कडेला गुडघ्यांवर बसलो आणि मला रडू आलं. का, ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. ज्यानं तो मासा केला त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. तोही आपल्यासारखा उकिडवा बसून, पाठ दुखवून घेऊन खडे लावत असेल.

तिकडं पाऊसपाण्याचं कसं आहे? तब्येत सांभाळ.

तुझा
बसवंत

•

उदगीर,
९ डिसेंबर १९८५

चि. बसवंत,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. माशाला बघून रडलास म्हणे! अप्पा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतंस. असो, ज्याचा बांध जिथं फुटायचा तिथं फुटतो. ते पत्र मी माझ्या हाताखालच्या व्यंकटीलाही वाचून दाखवलं. पाणी ओतल्याचा मजकूर आला तसा तो म्हणाला, "फेकलं? जिमिनीवर?" मग पुढचं त्यानं काही ऐकलंच नाही.

पावसाचं विचारू नकोस. मांजरा नदीत वाळू आहे आणि वाळूत खड्डे करून बसलेल्या बायका आहेत. जिल्हा नवा झाला तेव्हा केवढे ढोल वाजले, लातूरला कलेक्टर आला, पाट्या बदलल्या. उस्मानाबादकडून वाटणी घेताना पाऊस तेवढा घ्यायचा राहिला वाटतं. आता टँकर आला की मी घागर घेऊन पळते, आणि या वयात पळताना कशी दिसते ते तू न बघितलेलंच बरं.

एक काम आलंय. लातूरला अमृतराव सावकारांच्या संस्थेनं मुलींसाठी वसतिगृह बांधायला काढलंय. गावोगावच्या मुली नव्या जिल्ह्याच्या गावी शिकायला यायला लागल्यात, त्या सध्या भाड्याच्या घरात कोंबल्यात. त्यांच्या जेवणाच्या हॉलची फरशी मला सांगितलीय. साधी मोझॅक, पांढरे-काळे चिप्स. सांगताना अमृतराव काय म्हणाले असतील? "गुरुबसप्पा अप्पांची फरशी म्हंजे बघायचं काम न्हाई."

बसवंता, अप्पा जाऊन किती वर्षं झाली? तुझे दाजी वारल्यावर मी कंधारहून माहेरी आले, अप्पांचं फरशीचं शेड उघडलं, व्यंकटीला हाताशी धरलं. तेव्हापासून घातलेली एकूणएक फरशी माझ्या हातची आहे. माझ्याच गुडघ्यांना घट्टे आहेत. तरी फरशी अप्पांचीच. अप्पांचा मला अभिमानच आहे, पण मरायच्या आत एखादी तरी फरशी लोकांनी शिवकांताची म्हणावी असं मला वाटतं. हे तुझ्याजवळच बोलते, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

सहज विचारते. ते तुझे चर्चमधले खडे फोडतात कशानं? बसवतात कसे? आणि अक्षरं कशी काढतात? पुन्हा गेलास तर त्या म्हाताऱ्याला विचार.

तुझी
अक्का

•

अम्मान,
४ जानेवारी १९८६

ती. अक्का,

शरणु. तुझं 'सहज' मी ओळखून आहे. अप्पांच्या समाधीच्या भिंतीवर काहीतरी करायचं तुझ्या मनात दिसतंय. चांगला विचार आहे. मला न सांगताही सगळं कळतं.

मी पुन्हा मादाब्याला गेलो. कळलं की अबू ईसा नुसता राखणदार नाही. जुन्या फरशीचा खडा निघाला तर तो बसवतो, आणि घरामागच्या अंगणात स्वतःची कामंही करतो. लाकडाच्या ओंडक्यात छिन्नी धार वर करून ठोकलेली असते. दगडाची कांडी तिच्यावर आडवी धरायची आणि वरून हातोडीचा हलका ठोका द्यायचा. खडा सुपारी फुटावी तसा फुटतो. मी फोडायला गेलो तर निम्म्याचा चुरा. अबू ईसा म्हणाला, जोर करू नकोस, दगडाला कुठं तुटायचंय ते त्याला ठरवू दे.

रंग कसलाही लावत नाहीत. आसपासच्या डोंगरांत ज्या रंगाचा दगड मिळेल तो. आधी आकृतीची कड खड्यांच्या एका ओळीनं काढून घ्यायची, मग त्या ओळीला धरून आत-बाहेर भरत जायचं. नजर हटली की नदी डोंगरावर चढते. अक्षरंही तशीच, काळ्या खड्यांची एक ओळ, बाजूनं पांढरं. चुना ओला आहे तोवरच सारं करायचं, म्हणून एका दिवशी टोपलीभर जागेपलीकडे जायचं नाही.

मी विचारलं, नावं कशाला लिहिली असतील? चित्र बघून कळलंच असतं की. अबू ईसानं रशीदभाईकडून मला सांगितलं, "आत येणारा माणूस देवाला नंतर बघतो. आधी वाकून स्वतःचं गाव शोधतो. गाव सापडलं की त्याला हे घर आपलं वाटतं." अक्का, हे मला फार पटलं. समाधीवर आपल्या उदगीरचं नाव नक्की घाल.

आणखी एक. नकाशा खऱ्या दिशांनी मांडलाय. उभं राहिलं की उगवतीची गावं खरोखर उगवतीला असतात. या वेळीही पाणी ओतल्यावर माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदा नवल वाटलं म्हणून आला असेल असं समजत होतो, पण तसं नव्हतं.

तुझा
बसवंत

•

लातूर,
२२ फेब्रुवारी १९८६

चि. बसवंत,

आशीर्वाद. तुला न सांगता सगळं कळतं हे मी तुझ्या लहानपणापासून ऐकते आणि तेव्हापासून ते खोटं ठरत आलंय. समाधी नाही, भिंतही नाही. वसतिगृहाच्या हॉलमध्ये उंबऱ्यापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत, मुली जिथे जेवायला बसणार त्या भुईवर, मी आपला नवा जिल्हा मांडतेय.

घाबरू नकोस, अमृतरावांना विचारलंय. कोळशानं जमिनीवर आखून दाखवलं तर ते लहान पोरासारखे खूश झाले. "अक्का, नकाशा म्हंजे शाळेत भिंतीला टांगलेला. भुईवर असतो हे म्या पहिल्यांदा बघायलोय." वसतिगृह सांभाळणाऱ्या उमाबाईंनी कुठल्या कुठल्या गावांहून मुली येणार ते सांगितलं. तेवढी सगळी गावं नावांसकट घालणार. एखाद्या मुलीनं वाकून शोधावं आणि तिला आपलं गाव सापडू नये, असं व्हायला नको.

दगड तुझ्या म्हाताऱ्याच्या रीतीनंच जमवला, सगळा घरचा. काळा कुठेही मिळतो. करडा शहाबादी फरशीच्या कपच्यांतला. तांबडा जांभा बिदरच्या रस्त्यावरून आणला. पांढऱ्यासाठी व्यंकटी आणि मी रानोरान फिरून गारगोट्या वेचल्या. प्रत्येक गाव म्हणजे गारगोटीचं एक गोल चक्र, बसायच्या पाटाएवढं, आणि त्यात काळ्या खड्यांचं नाव. तालुक्याच्या गावाला तांबडी कड.

नदीवरून मात्र व्यंकटीशी भांडण झालं. तो म्हणतो, "अक्का, मांजरा पिवळी करा. वाळूच हाय तिथं. निळी केली तर लोक हसतील." मी म्हटलं, नदीला पाणी नाही तर रंग तरी असू दे. निळा दगड आपल्याकडे नाही, म्हणून कासाराकडून वाढवलेल्या बांगड्यांच्या काचा आणल्या. निळ्या आणि हिरव्या. तुझे दाजी गेल्यावर माझ्या हातातून उतरल्या त्या याच रंगाच्या होत्या. हातात नाहीत तर नदीत असू देत.

कंधार नांदेड जिल्ह्यात, त्यामुळे माझं सासर नकाशात येत नाही. तिकडे जाणारा रस्ता तेवढा उंबऱ्यापर्यंत आणून सोडलाय.

घासाईच्या पाण्याची पंचाईत आहे. फरशी घासायची तर पाण्याशिवाय दगड फिरत नाही, आणि टँकरचं पाणी प्यायला पुरत नाही. मी एकच पाणी निवळून निवळून पुन्हा वापरते. शेवटी ते ताकासारखं होतं, पण काम करतं. काल औशाचा कोपरा घासून पुसला आणि ओलं फडकं फिरवलं. बसवंता, रंग वर आले. मी आणि व्यंकटी एकमेकांकडे बघतच राहिलो. तू तिथं का रडलास ते मला आता कळलं. चिडवल्याबद्दल माफ कर.

तुझी
अक्का

•

अम्मान,
३० मार्च १९८६

अक्का, अक्का, अक्का!

तुझं पत्र घेऊन मी सरळ मादाब्याला गेलो. अबू ईसाला सगळं सांगितलं, तर तो उठून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून पूर्वेकडे वाकला. मी म्हटलं, काय करताय? म्हणाला, तुझ्या बहिणीला सलाम करतोय, ती त्याच दिशेला आहे ना? बांगड्यांची नदी ऐकून त्यानं डोळेच मिटून घेतले. त्यानं विचारलंय की तुझ्या नदीतला मासा वर जातो का खाली?

माझा करार पुढच्या वर्षापर्यंत आहे. नाहीतर उद्घाटनाला मी धावत आलो असतो. त्या दिवशीचं सगळं लिही. कोण आलं, पहिलं पाऊल कुणी टाकलं, कुणाला गाव सापडलं, सगळं.

तुझा
बसवंत

•

लातूर,
१७ जून १९८६

चि. बसवंत,

पहिलं पाऊल कुणी टाकलं विचारतोस. कुणीच नाही.

परवा उद्घाटन झालं. मंडप, हार, पेढे, सगळं होतं. अमृतरावांनी फीत कापली, दार उघडलं. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, मी नुकतंच ओलं फडकं फिरवलं होतं. बसवंता, मीच केलेलं असून मीच बघत राहिले. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे राहिले. त्यात मी थोडी फुगलेही.

अमृतरावांनी पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. त्यांच्या समोरच औसा होतं. त्यांचं आजोळ, त्यांच्या गुरूंचा मठ, सारं औशात. त्यांनी टोपी काढली, बूट काढले, तरी पाय पुढे पडेना. हळूच मला म्हणाले, "अक्का, काम लई देखणं झालंय हो. पण गुरूच्या गावावर पाय द्यायचा म्हंजे... न्हाई होत मला." मग मागचे म्हणाले आम्ही जातो, तर त्यांच्या पुढ्यात त्यांचं गाव. कुणाच्या कुलदैवताचं ठिकाण, कुणाच्या मायबापाची माती. "सरस्वतीच हाय की ही," असं म्हणत एकानं पुस्तकाला पाय लागल्यावर करतात तसा भुईला हात लावून नमस्कार केला आणि तोही मागे सरला. भाषणं उंबऱ्यात झाली. पेढे व्हरांड्यात वाटले. आत कुणी गेलं नाही.

आपल्या लोकांत वाढले, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही! दिवसरात्र गावं मांडताना मी त्यांच्यावर गुडघे टेकले, तळहात टेकले, कूस टेकून झोपले. पण मी मांडत होते, म्हणून मला ते पाय वाटलेच नाहीत.

मुली आल्यात. त्या व्हरांड्यात जेवतात. धुळीचा लोट आला की ताटातलं अन्न राखाडी होतं. तिथेही पंगती आपोआप वेगळ्या पडतात. आपल्या लिंगायतांच्या मुली एका टोकाला, बौद्धांच्या दुसऱ्या टोकाला, बाकीच्या मधे. उमाबाई म्हणाल्या, कुणी बस म्हणत नाही, तरी भाड्याच्या घरातही हे असंच होतं.

आज अमृतराव येऊन गेले. बोलताना बिचारे टोपी हातात फिरवत होते. एवढ्या मुलींना वाऱ्यावर जेवायला बसवायचं आणि हॉल बघायला ठेवायचा हे बरं दिसत नाही, ते खरंच आहे. मधला भाग उखडून साधी शहाबादी बसवायची ठरलंय. पुढच्या महिन्यात.

मी हो म्हणाले. ही फरशी गेली तर मी शेडला कुलूप लावणार आहे. रागानं नाही. हात उचलणार नाहीत म्हणून.

मासा घातला नाही. नदी कोरडी असताना मासा घालायला मन झालं नाही, असं अबू ईसांना सांग.

तुझी
अक्का

•

अम्मान,
६ जुलै १९८६

ती. अक्का,

नावं घाल, नावं घाल म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो. आणि मीही इथल्या नकाशावर अजून एकदाही पाय ठेवलेला नाही. दर वेळी कडेकडेनंच फिरतो. हे मला इतकं साहजिक वाटत होतं की तुला लिहायचंही सुचलं नाही.

अबू ईसाला सांगितलं. त्याला आधी कळेचना. गाव भुईवरच असतं, मग पाय दुसरीकडे कुठे ठेवणार, असं तो विचारत राहिला. मग त्यानं मला समुद्रातल्या त्या दोन होड्यांपाशी नेलं, जिथली माणसं काढून टाकलीत. म्हणाला, "इथं एवढी माणसं चालून गेली, बायका गेल्या, लेकरं गेली. पायांनी काहीच नेलं नाही. जे गेलं ते हत्यारानं गेलं."

अक्का, एक कर. इथं गालिचा घालतात तशी वरून सतरंजी अंथरा. उखडू देऊ नकोस. अमृतरावांच्या पाया पड, भांड, रड, काहीही कर. ती फरशी अजून मी पाहिलेली नाही.

तुझा
बसवंत

•

लातूर,
२८ जुलै १९८६

चि. बसवंत,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सतरंजी आम्हीही अंथरून पाहिली होती. उमाबाई दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "खाली काय हाय ते ठाऊक हाय ना," म्हणाल्या.

उखडायच्या दिवशी अमृतराव सकाळीच आले. पहार व्यंकटीच्या हातात, बरोबर आणखी दोन गडी. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे काही मिटेनात. व्यंकटी कडेकडेनं गेला, पहार उचलली, खाली बघितलं आणि थांबला. तिथं चाकूर होतं. व्यंकटी चाकूरचा. म्हणाला, "मालक, हितून नको. दुसरीकडून सुरू करतो." दुसरा गडी अहमदपूरच्या बाजूचा, तो म्हणाला तिकडूनही नको. तिसऱ्याची सासुरवाडी रेणापूर. त्यानं पहार हातातच घेतली नाही.

मग सगळे अमृतरावांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "औशापासून तर नकोच." कुणीतरी सुचवलं, नदीपासून करा, नदी कुणाचीच नाही. तेव्हा व्यंकटी, तोच व्यंकटी जो मांजरा पिवळी करा म्हणून माझ्याशी भांडला होता, तो भडकला. "आधीच कोरडी पडली हाय ती, तिच्यावर पहार घालू? मी न्हाई घालायचा." आणि त्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली.

बसवंता, मला हसू यायला लागलं. रडायला उभी होते आणि तोंडाला पदर लावून हसत होते. ज्या गावावर पाय ठेवायला लोक घाबरले त्यावर पहार कोण घालणार? अमृतरावही शेवटी हसले. कपाळावर हात मारून म्हणाले, "चालताबी येईना अन् मोडताबी येईना. काय करून ठेवलंत हो अक्का!" फरशी वाचली. पण हॉल तसाच बंद. मुली व्हरांड्यातच. वाचली म्हणून माझा जीव थाऱ्यावर होता, आणि कुणी आत येत नाही म्हणून जात होता. जिच्यावर कुणी बसत नाही ती फरशी कसली?

चार दिवसांनी दुपारच्या जेवणाला वावटळ आली. पत्रा उडाला, भाकऱ्यांवर माती. मुली ताटं पदराखाली घेऊन भिंतीला चिकटल्या. पंचशीला म्हणून एक मुलगी आहे, निलंग्याकडच्या धामणेवाडीची, दहावीला. ती ताट घेऊन उठली आणि हॉलच्या दाराशी गेली. उमाबाई ओरडल्या, "अगं, पाय लागंल!"

ती वळून म्हणाली, "बाई, आमची माय रोज तिथंच अनवाणी खुरपती. भुईनं तिला कधी पाय काढ म्हटलं न्हाई."

तिनं वाकून भुईला हात लावला, तो कपाळाला लावला. नदीत उतरताना आपण आधी पाणी डोळ्यांना लावतो आणि मग पाय घालतोच ना, अगदी तसं. आणि चालत गेली. चाकुरावरून, मांजरेवरून, निलंग्यावरून, कुठेही न थांबता. मी दारात होते. माझ्या काचांच्या नदीवरून एक पोरगी अनवाणी जात होती आणि खडे तिच्या पायांखाली चमकत होते. मी चौकट घट्ट धरून बघत होते. धामणेवाडीच्या चक्रावर तिनं मांडी घातली, ताट पुढ्यात ठेवलं आणि जेवायला लागली.

मग दुसरी आली, भुईला हात लावून. मग तिसरी. मग रांगच लागली. जी ती वाकून आपल्या गावाचं नाव वाचत होती, एकमेकींना हाका मारत होत्या, "ए, शिरूर कुटं गं? ए, माझं सापडलं!" लातूर, औसा, उदगीर, सगळा जिल्हा बसला. पंगत कशी बसली ते आधी उमाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी माझा हात दाबला. कोणतं टोक कुणाचं, ते उरलंच नव्हतं. जिचं जे गाव, तिथं ती.

शेवटी एक मुलगी उभी राहिली. गुरम्मा, धामणेवाडीचीच, आपल्यातली. तिच्या वडिलांचं तिथं किराण्याचं दुकान आहे. गावात पंचशीलाच्या घरचे दुकानाच्या पायरीखाली उभे राहून सामान घेतात, हे मला गुरम्मानंच मागे भोळेपणानं सांगितलं होतं. ती ताट हातात धरून चक्राकडे बघत होती. चक्र पाटाएवढं. दोघींना बसायचं तर गुडघ्याला गुडघा लागणारच. दुसरीकडे बसावं तर ते गाव तिचं नव्हे. सगळा हॉल जेवायचा थांबला होता. अमृतराव दारात येऊन उभे होते.

पंचशीलानं मान वर केली. आपलं ताट उचलून थोडं बाजूला ठेवलं, स्वतः सरकली आणि मोकळ्या झालेल्या गारगोट्यांवर हातानं थोपटलं.

"ये की, गुरम्मा," ती म्हणाली. "गाव तुझंबी हाय."

गुरम्मा बसली.

तुझी
अक्का